बर्लिनच्या भिंतीचा तुकडा, प्रमाणपत्रासकट: घ्यावा का?

वस्तू अशी आहे. बर्लिनच्या भिंतीचा ‘अस्सल’ तुकडा, दोन-अडीच सेंटिमीटरचा, एका बाजूला निळा-गुलाबी रंग, पारदर्शक ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात बसवलेला, सोबत प्रमाणपत्र. किंमत बारा-तेरा युरो, म्हणजे आपले हजार-बाराशे रुपये. मुलगा बर्लिनमध्ये नोकरीला आहे, त्यानं तिथल्या एका भेटवस्तूंच्या दुकानातून आणला. दुकानाचं नाव लिहीत नाही. असली दुकानं तिथं पैशाला पासरी आणि माल सगळीकडं तोच, असं तोच सांगतो.

हे परीक्षण मी का लिहितोय ते आधी सांगतो. उद्यमनगरात माझी काँक्रीट तपासायची छोटी लॅब आहे. बिल्डर, कंत्राटदार क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, आणून टाकतात, आम्ही सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडून रिपोर्ट देतो. आयुष्य काँक्रीट फोडण्यात गेलेल्या माणसाच्या हातात जगातल्या सगळ्यात गाजलेल्या भिंतीचा तुकडा दिला तर तो शोकेसमध्ये ठेवून बघत बसेल, ही अपेक्षाच चुकीची.

पॅकिंगला नाव ठेवायला जागा नाही. फुग्यांचा प्लास्टिक कागद, वर पुठ्ठ्याचा डबा, विमानातनं येऊन ओरखडा नाही. ठोकळ्याची बैठक मात्र सपाट नाही, टेबलावर डुगडुगतो. प्रमाणपत्र जाड कागदाचं, सोनेरी शिक्क्याचं, खाली छापील सही. नंबर नाही. भिंतीच्या कुठल्या भागातला तुकडा, कधी काढला, कुणी काढला, काही नाही. आमच्याकडं साध्या तीन क्यूबचा रिपोर्ट द्यायचा तर साइट कुठली, माल कुठल्या कॉलमचा, कास्टिंगची तारीख काय, सगळं लिहावं लागतं. नाहीतर साहेबलोक कागद परत पाठवतात. इथं हजार रुपये घेऊन नुसतं ‘हा अस्सल आहे’ एवढंच. कुणाच्या जिवावर?

म्हणून हॅक्सॉनं ठोकळा कापला. आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, शोभेची वस्तू हाय ती, मोडताय काय?” पण तोवर अर्धा कापून झाला होता.

गुजरीतल्या एका सोनार मित्राकडनं भिंग आणलं. आधी तुकड्याची एक कड फोडून ताज्या फुटीवर फेनॉल्फ्थॅलिन टाकलं. सिमेंटचं काँक्रीट आतून अल्कधर्मी असतं, त्यावर हे औषध पडलं की गडद गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत गेला की तो गुण जातो आणि रंग येत नाही. माझ्या तुकड्याला कडेनं रंग आला नाही, मध्यात फिकट गुलाबी आला. म्हणजे माल सिमेंट काँक्रीटच आहे, पीओपी नाही, आणि तो फुटून बरीच वर्षं झालीत. आतली खडी गोल गोट्यांची, पिवळसर, करडी, मिसळ रंगांची. आपल्याकडं टोपच्या खाणीची काळ्या दगडाची क्रशर खडी, कडा धारदार. बर्लिनच्या आजूबाजूचा सगळा मुलूख हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांचा, त्यामुळं हे जुळतं. इथपर्यंत दुकानदाराच्या बाजूनं सगळं ठीक. पण त्या भागातल्या कुठल्याही पाडलेल्या गोठ्याचा तुकडाही एवढ्या परीक्षेत पास झाला असता.

खरी गंमत रंगात आहे. भिंगाखाली बघितलं तर रंग सपाट बाजूवरनं तुटलेल्या कडेवर उतरलाय, फुटीच्या खळग्यात साचलाय. भिंतीवर आधी चित्र काढलं आणि मग छिन्नीनं तुकडा पाडला, तर फुटलेल्या बाजूला रंग येईल कसा? शिवाय थर एकच. त्या भिंतीच्या पश्चिमेकडच्या अंगावर पोरं वर्षानुवर्षं रंगावर रंग मारत आली होती, तिचा टवका पापुद्र्यासारखा निघायला पाहिजे. म्हणजे तुकडा आधी फोडला, स्प्रे नंतर मारला. काँक्रीट कदाचित भिंतीचं असेलही. रंग दुकानाचा.

आता भिंतीच्या कामाबद्दल थोडं, कारण माणसांना वाटतं ती कसलीतरी घाईगडबडीची विटांची भिंत होती. पूर्व जर्मनीच्या सरकारनं आपली माणसं पश्चिम बर्लिनला पळू नयेत म्हणून ती घातली. १३ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे सुरुवात झाली ती काटेरी तारांनीच, मग ब्लॉक आले. पण १९७५ नंतर जी उभी राहिली ती कारखान्यात ओतलेल्या तयार ठोकळ्यांची होती. एकेक ठोकळा ३.६ मीटर उंच, १.२ मीटर रुंद, अडीच टनांच्या वर वजन. आडव्या पायासकट एकसंध ओतलेला, त्यामुळं क्रेननं आणून ठेवला की उभा राहतो. असे ठोकळे मुळात शेतीत, चारा साठवायच्या कोठारांच्या (सायलोच्या) भिंतींसाठी वापरात होते. डोक्यावर गोल पाइप बसवलेला, हात ठेवायला पकड मिळू नये म्हणून. पश्चिम बर्लिनभोवती एकूण १५५ किलोमीटरची सीमा, त्यातली ४३ किलोमीटर शहराच्या पोटातनं. या भिंतीपायी किमान १४० जणांचा जीव गेला. काम म्हणून बघाल तर काम चांगलं होतं, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण होतं. आणि पुढं बहुतेक सगळी भिंत क्रशरमध्ये घालून तिची रस्त्याखालची खडी केली. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे सगळ्यात पटतं. थोडे ठोकळे जगभर लिलावात गेले, १९९० मध्ये मोनॅकोत तसा लिलाव झाला होता. उरलेले टवके ज्यांनी छिन्नी-हातोडी चालवली त्यांच्या पिशव्यांत. माझ्यासारख्याच्या टेबलावर डुगडुगणारा माल त्यातला किती, देव जाणे.

इथपर्यंत एक-दोन तारे देऊन मी मोकळा झालो असतो. पण मुलाच्या लग्नाला त्याच्या बर्लिनच्या घरमालकीणबाई आणि त्यांचे यजमान कोल्हापूरला आले, आमच्याच घरी उतरले. बाई पूर्व बर्लिनच्या, यजमान पश्चिम बर्लिनचे. दोघंही आता साठीच्या आसपास. पांढरा रस्सा वाट्यावर वाट्या प्याले, तांबड्याला लांबनंच नमस्कार. आमच्या सौ. दुसऱ्या दिवसापासून बाईंना ताईच म्हणायला लागल्या. हळद उतरल्यावर एका संध्याकाळी मी कापलेला ठोकळा त्यांच्यापुढं ठेवला. दुभाषा आमचा मुलगा. बाईंनी भिंगही न लावता सांगितलं, “आमच्या बाजूला रंग नव्हता. आम्हाला भिंतीच्या जवळच जाता येत नव्हतं, तर चित्रं काढणार कोण?”

मग भिंत उघडली त्या रात्रीचं विचारलं. मला वाटलं होतं रडतील, हात वर करून नाचून दाखवतील. तसलं काही नाही. साइटवरचा जुना फोरमन एखाद्या स्लॅबची हकीकत सांगतो तसं सांगितलं.

९ नोव्हेंबर १९८९, गुरुवार. बाई तेव्हा चोविशीत, एका इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला, सकाळी सहाची पाळी. राहायला पूर्व बर्लिनमध्ये, बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर. संध्याकाळी सातला थोडा वेळ असताना पूर्व जर्मनीतल्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की पत्रकार परिषदेत एक कागद वाचतात: नागरिकांना आता बाहेर जाता येईल. कधीपासून, असं कुणीतरी विचारतं. ते कागद चाळतात आणि म्हणतात, माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब. खरं म्हणजे तो नियम दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचा होता आणि जाणाऱ्यानं रीतसर अर्ज करून परवाना घ्यायचा होता. बाईंनी ते टीव्हीवर ऐकलं आणि बटाटे सोलत राहिल्या. सरकारचा कागद आहे, महिनाभर लागेल, असं त्यांना वाटलं. हे ऐकून आम्ही सगळेच हसलो. सरकारी कागदाचा स्वभाव आम्हालाही पाठ आहे.

रात्री शेजारीण दार वाजवायला लागली. पश्चिमेच्या टीव्हीवर पावणेअकराच्या सुमाराला सांगताहेत की भिंतीचे दरवाजे सताड उघडलेत. उघडले नव्हते! पण ती बातमी ऐकूनच माणसं घराबाहेर पडली. बाईंनी झोपायच्या कपड्यांवर कोट चढवला. कोटाचा खिसा फाटका, म्हणून घराची किल्ली मुठीतच धरली. रात्रभर ती किल्ली मुठीत होती, हे त्यांनी बोलण्यात तीन वेळा सांगितलं. नाक्यावर गर्दी मुंगीला शिरायला जागा नाही अशी, मागं गाड्यांची रांग. कुणी ढकलाढकल करत नव्हतं. गेट उघडा, गेट उघडा, एवढंच. मधे एक माणूस ओरडायचा की आम्ही परत येणार आहोत हो!

त्या ‘परत येणार’मागं काय होतं ते मी नंतर वाचून घेतलं. नाक्यावर त्या रात्री हाराल्ड येगर नावाचा लेफ्टनंट कर्नल ड्युटीवर होता. वरच्यांना फोनवर फोन, वरनं स्पष्ट हुकूम काही नाही. मग एवढंच सांगण्यात आलं की जे फार आरडाओरडा करताहेत त्यांना सोडा आणि त्यांच्या ओळखपत्राच्या फोटोवर शिक्का मारा, म्हणजे त्यांना परत आत घ्यायचं नाही. शिक्का बसलेल्यांना त्याचा अर्थ माहीतच नव्हता. त्यातली काही तरुण जोडपी थोडं फिरून परत आली, पोरं घरी झोपलेली, आणि पहारेकरी म्हणतात आता आत येता येणार नाही. येगरनं त्यांना आत घेतलं. आणि साडेअकराच्या सुमाराला फाटकच उघडून दिलं. हुकूम नसताना. आपल्याकडं ते घड्याळ १० तारखेच्या पहाटे चारचं.

बाई नाक्याला लागूनचा पूल ओलांडून पलीकडं गेल्या. पलीकडची माणसं गाड्यांच्या टपांवर थापा मारत होती, बाटल्या फोडत होती. बाईंच्या जवळ पश्चिमेचा पैसा एक नव्हता. एका अनोळखी माणसानं नाणं दिलं, त्यावर त्यांनी पश्चिमेत राहणाऱ्या मावशीला फोन लावला. मावशी दरवर्षी कॉफी घेऊन पूर्वेला यायची, भाचीला तिच्याकडं जायची मुभा कधीच नव्हती. बाई म्हणाल्या, मी इकडं आलेय, तुझ्या बाजूला. मावशी म्हणाली, “इतक्या रात्री? उद्या ये, व्यवस्थित जेवायलाच ये.”

हे ऐकून आमच्या सौ. इतक्या हसल्या की डोळ्यांतनं पाणी. “कुठलीबी मावशी असंच म्हणणार!”

उद्या गेट असेल का, ही धास्ती बाईंना होती. तरी तीनच्या आत घरी परत, कारण सहाची पाळी. तेव्हा फारशी कुणाला माहीत नसलेली आंगेला मेर्केल, पुढं जर्मनीची चॅन्सलर झालेली, तीही त्या रात्री सौना उरकून याच पुलावरनं पलीकडं जाऊन आली आणि सकाळी काम म्हणून लवकर घरी परतली. बाईंच्या लाँड्रीत सकाळी निम्म्या बायका गैरहजर आणि मुकादम स्वतःच बेपत्ता. आलेल्यांनी चादरी धुतल्या.

यजमानांचं मी मुद्दाम वेगळं विचारलं, दुसऱ्या दिवशी, बाई सौ.बरोबर चप्पल लाइनला गेलेल्या असताना. दोन साक्षी एकत्र घ्यायच्या नाहीत, ही लॅबची सवय. ते तेव्हा पश्चिम बर्लिनमध्ये शहर बसचे ड्रायव्हर. ती रात्र झोपून काढली! पहाटे डेपोत पोचल्यावर कळलं. शुक्रवारी बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, तिकीट मागणं त्यांनी सोडून दिलं. अडचण निराळीच झाली. पूर्वेचे लोक हातात नकाशे घेऊन पत्ते विचारत होते आणि त्यांच्या नकाशात पश्चिम बर्लिन म्हणजे नुसता कोरा भाग. रस्ते नाहीत, स्टेशनं नाहीत. शेवटी यजमानांनी बस थांब्यावर उभी करून पेनानं लोकांच्या नकाशांत रेघा काढून दिल्या. मागच्या बसवाल्यानं हॉर्न वाजवून डोकं उठवलं, हेही आठवणीनं सांगितलं. आणि वास. पूर्वेच्या त्राबांट गाड्या टू-स्ट्रोक, सगळ्या रस्त्यांवर निळा धूर. माझ्या जुन्या बजाज स्कूटरचा वास, मी म्हणालो. मुलानं भाषांतर केल्यावर ते मान डोलावत राहिले.

पलीकडं आलेल्या प्रत्येकाला पश्चिमेचं सरकार १०० मार्क स्वागताचे म्हणून देत होतं, बँकांपुढं रांगा. बाईंनी त्यातनं काय घेतलं? मला वाटलं कपडे, चॉकलेट. त्यांनी भावासाठी ड्रिलचे बिट घेतले. भाऊ घरकाम करणारा, पूर्वेला चांगले बिट मिळायचे नाहीत, दोन भोकं पाडली की बोथट. या एका वाक्यावर माझा त्यांच्या सगळ्या हकिकतीवर विश्वास बसला. बनवून सांगणारा माणूस ड्रिलचे बिट कशाला सांगेल? थंडी किती होती यावर मात्र नवरा-बायकोचं एकमत नाही. त्या म्हणतात हाडं गोठली, ते म्हणतात काही विशेष नव्हती. तेव्हा दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते.

त्याच भावानं पुढं त्या हिवाळ्यात नव्या बिटांनी नाही, साध्या छिन्नीनं पाडलेला एक तुकडा बाईंनी पिशवीतनं काढून मला दिला. करडा. एक बाजू फर्म्याची, गुळगुळीत. रंगाचा टिपूस नाही. प्रमाणपत्र नाही. अर्धा गोटा बाहेर आलेला. तो मी कापलेला नाही आणि कापणारही नाही.

बाईंनी मला उलट विचारलं, तुम्ही तेव्हा कुठं होता? मी नुकताच डिप्लोमा करून एका कंत्राटदाराकडं सुपरवायझर होतो. भिंत पडली हे पेपरात वाचलं असणार, पण खरं सांगायचं तर त्या महिन्यात कोल्हापुरात बर्लिनचं कुणाला काय? लोकसभेची निवडणूक तोंडावर, त्याच ९ तारखेला अयोध्येत शिलान्यास, आणि १५ तारखेला कराचीत सचिन पहिल्या कसोटीला उतरला. उद्यमनगरात, मंगळवार पेठेत, लग्नाला जमलेल्या पाहुण्यांत मी विचारून बघितलं. सचिन सगळ्यांना आठवतो. एका निवृत्त मास्तरांना भिंत आठवली, कारण त्यांना त्या वर्षी शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा बदलून मागायचा होता आणि संस्थेनं नवा दिला नाही.

लग्नानंतर पाहुणे निपाणी, आजरा, आंबोलीवरनं गोव्याला गेले. कागल सुटलं आणि कोगनोळीजवळ मुलानं सांगितलं, राज्याची हद्द मागं गेली. बाई म्हणे वळून वळून बघत होत्या, कुठं गेली म्हणून. कोरोनात याच जागी रिपोर्ट दाखवा म्हणून गाड्या अडवलेल्या आम्ही बघितल्यात, निपाणीतल्या लेकी-सुना अडकून पडलेल्या. मुलगा बाईंना ते बर्लिनशी जोडून सांगायला लागला होता. मी फोनवर त्याला म्हटलं, नको. इथं कुणी गोळ्या घालत नव्हतं.

तर आता हिशेब. काँक्रीट: खरं, पण कुठलं ते सिद्ध होत नाही. रंग: नंतर मारलेला, माझ्या तुकड्यापुरतं मी छातीठोक सांगतो. प्रमाणपत्र: शून्य. पॅकिंग: उत्तम. किंमत: त्यात आमच्याकडं तिघं पोटभर मटणाचं ताट जेवतात. पाचपैकी दोन तारे, त्यातला एक डब्याचा.

बर्लिनला जाणारच असाल तर ते पैसे खिशात ठेवा. बेर्नाउअर रस्त्यावर भिंतीचा भाग पहाऱ्याच्या पट्ट्यासकट जागच्या जागी राखलाय, प्रवेश फुकट. तिथं ठोकळ्याचा पाया, डोक्यावरचा पाइप, सगळं नीट बघता येतं, सिव्हिलवाल्यांनी तर चुकवूच नये. बोर्नहोल्मर रस्त्याचा पूलही लोकल स्टेशनला लागूनच आहे, तिथंही भिंतीचा एक तुकडा उभा आहे. आणि साठीच्या पुढचं कुणी भेटलं तर तेव्हा पैशाचं काय घेतलं हे विचारा, कसं वाटलं हे विचारू नका.

दुकानाला मी रंगाबद्दल मेल केली होती, फोटोसकट, तुटलेल्या कडेवर लाल बाण काढून. चार ओळींचं उत्तर आलं. आमचे सर्व तुकडे अस्सल आहेत, रंगछटेत फरक असू शकतो, आणि एकदम पन्नास नग घेतले तर भारतात पाठवायचा खर्च माफ.